सव्वा तासाचा मामा

आमचा दिनकरदादा पुण्याहून फोन करायचा तेव्हा प्रकृती नंतर विचारायचा, आधी विमान सांगायचा. पुणे ते नागपूर, हवेतून सहाशे किलोमीटर, वेळ सव्वा तास. मी एसटीत कंडक्टर. या नोकरीची त्याला एवढी लाज, की मित्रांना तो भाऊ ‘ट्रान्सपोर्टमध्ये’ आहे असं सांगायचा. मला मात्र एकच वाक्य ठरलेलं: “तुमच्या खटाऱ्यात बारा तास मणके मोडून घ्या.”

नागपूरला उतरल्यावर आमचं किन्हीराजा अजून चार तास लांब राहतं, हे त्याच्या हिशेबात कधी आलंच नाही. विमानतळावर दोन तास आधी जाऊन बसणं, पट्ट्यावरून बॅग येईपर्यंत ताटकळणं, तेही नाही. विमानाची चाकं हवेत असतात तेवढाच त्याचा प्रवास. एवढा शिकलेला माणूस, पण ही अक्कल आमच्या डेपोतल्या झाडूवाल्यालाही होती.

बहीण शोभाला मात्र त्याचं कोण कौतुक. नवरा गेल्यावर दवाखान्यापासून बी-बियाण्यापर्यंत धावायचो मी, पण आधार वाटायचा दादाचा. तिच्या वैशूचं लग्न ठरलं. लग्न किन्हीराजातच, मुहूर्त दुपारी सव्वाबाराचा, आणि बोहल्यावर न्यायला मोठा मामाच हवा हा पोरीचा हट्ट. मी दादाला म्हटलं, आदल्या संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं निघ. तो हसला.

“अबे, साडेसहाचं विमान हाये. पावणेआठले नागपुरात. तू कायले घाबरून राह्यला?”

लग्नाच्या दिवशी विमान पुण्यातून निघालंच दहाला. इकडे गुरुजींनी माइकवरून मुलीच्या मामांना चारदा पुकारलं. शोभा ज्याला त्याला सांगत होती, सव्वाच तास लागतो म्हणून. दीड वाजला. नवरदेवाचे वडील चपला शोधू लागले, तेव्हा मी खोलीच्या दारात गेलो. मला राग आला होता, दादाचा आणि वैशूचाही. मीही तिचा मामाच होतो की. मुंडावळ्या बांधून बसलेल्या पोरीनं मान वर केली नाही.

“मामा, तुमीच चला,” ती म्हणाली. “तुमी तं सकाळपासून इथंच होते.”

दादा आला चार वाजता. चिडलेल्या पाहुण्यांनी जेवण उरकताच पोरीला नेलं होतं आणि मंडपवाले खुर्च्या एकीत एक अडकवत होते. शोभानं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. या गृहस्थानं पोरीची चौकशी केली नाही.

“विमान तं सव्वा तासातच आलं,” तो म्हणाला. “एक मिनिट इकडचं तिकडं नाही.”

शोभानं विचारलं, “दादा, घरून कितीले निघाला होता?”

“चारले. पहाटे.”

शोभानं बोटांची पेरं मोजली. घाई केली नाही.

“बारा तास झाले,” ती म्हणाली, आणि तांब्या घेऊन आत गेली.