आबांचे दोन दगड

आमच्या चुलत सासऱ्यांइतका चीड आणणारा माणूस उभ्या मावळात दुसरा नसेल. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वडिवळ्याच्या धरणात कान बुडवून तासन्‌तास बसायचे आणि डोकं वर काढलं की दिसेल त्याच्यावर खेकसायचे. माझ्यावर जास्त, कारण मी उलटून बोलत नाही. गुडघाभर पाण्यात मी गोधडी आपटली की झालंच. "ए पोरी, पाणी घुसळू नगं! बुडबुडं भरलं की आवाज तितंच मरतो. उरला तर पांगतो इकडंतिकडं." पाहुण्यांना चहाच्या आधी काठावर नेऊन, डोकं पाण्यात घालायला लावून, पाण्याखाली एकमेकांवर आपटलेल्या दगडांचा आवाज ऐकवायचे. माझा भाऊ एकदा नव्या सदऱ्यासकट निथळत घरी आला. मी चुलीपुढे दातओठ खात बसले.

शेताला पाणी ओढणाऱ्या आमच्या पंपाची धरणातली जाळी गाळाने तुंबली की माझे मालक बुडी मारून ती साफ करायचे. आबा काठाशी पाण्याखाली दोन दगड वाजवायचे. सावकाश वाजवले तर वर ये. भरभर वाजवले तर वर येऊ नको, पाइप धरून काठाला ये.

गेल्या उन्हाळ्यात मालक खाली असतानाच पर्यटकांची मोटारबोट आली. आमच्यासमोर गिरकी घेतली, पाणी पांढरंफेक केलं आणि खिदळत परत जाळीच्या दिशेने वळली. आबांनी भरभर दगड वाजवले. मग त्या फेसाकडे बघितलं आणि उठून भलतीकडेच धावत सुटले. माझं डोकं फिरलं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले, "आबा, पळताय कुटं? माझा माणूस हितं हाय! लाज वाटती का न्हाई?"

आबा फेसाला वळसा घालून नितळ पाण्यात गळ्यापर्यंत शिरले आणि तिथून वाजवू लागले. बोट जाळीच्या वरून धडधडत गेली. मग काठाशी, पाइपाला धरून, मालकांचं डोकं वर आलं.

"आधी कायच आलं न्हाई कानावर," ते खोकत म्हणाले. "मंग बाजूनं आलं."

बोटीतल्यांनी आम्हाला हसून हात हलवले. त्यांना मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आबा म्हणाले, "पोरीला आवाज हाय की! आन् फुटला तो बी माझ्यावर."

तो राग अजून जात नाही. बोटीवरचा आहेच, पण जास्त माझ्या तोंडावरचा. माफी मागायला जीभ उचलत नाही. आबांना आता जमिनीवरचं फारसं ऐकू येत नाही, तरी पाण्यात कान बुडवून बसतातच. मी गोधड्या बाजूला ठेवते, पाणी निवळेपर्यंत थांबते आणि दोन दगड सावकाश वाजवते. पलीकडे आबा डोकं न उचलता हात वर करतात.