दोन्ही काठांची आत्या

माझ्या आत्याइतकं रागावता येणारं माणूस अख्ख्या मोगलाईत दुसरं जन्मलं नसेल. ज्यांनी तिला सिंदफणेच्या काठावर बसून आट्यापाट्यांचा डाव बघताना ऐकलंय, ते माझ्याशी वाद घालणार नाहीत. बाकीच्या माणसांना रागवायला कारण लागतं. आत्याला कारण पुरत नसे. डाव रंगात आला आणि सूर्य कलायला लागला की ती सूर्यावर रागवायची, ‘आत्ताच जायाचं होतं तर सकाळी एवढ्या घाईनं आलास कावून’ असं त्याला विचारायची. वारा सुटला की धुरळ्यावर, पडला की वाऱ्यावर. आणि या सगळ्यांवर रागावून झाल्यावरही तिच्यापाशी इतका राग शिल्लक असायचा की दोन गावांच्या अठरा खेळाडूंना तो माणशी भरपूर पुरायचा.

दोन गावं म्हणजे तिचं माहेर आणि तिचं सासर. आमचं गाव नदीच्या अलीकडच्या काठाला, तिला दिलं ते गाव पलीकडच्या. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर. पावसाळ्यात ही नदी आत्याला माहेरापासून तोडायची आणि उन्हाळ्यात आटून दोन्ही गावांना खेळायला मैदान द्यायची. खळी उरकली, धान्य कणगीत गेलं की गडीमाणसांचे हात रिकामे व्हायचे. मग पात्रातल्या गाळाच्या टणक पट्ट्यावर कुदळीनं नऊ पाट्या आखायच्या, त्यांवर चुलीतली राख ओतायची आणि मृगापर्यंत रोज दिवस कलताना खेळायचं. खेळ सांगायला सोपा, खेळायला अवघड. प्रत्येक पाटीवर एकेक गडी पाय रोवून उभा, आणि दुसऱ्या बाजूच्यांनी त्यांना हुलकावण्या देत नऊही पाट्या ओलांडून जायचं आणि तसंच परत यायचं. वाटेत कुणी शिवलं की मेला. न शिवता परत आला की लोण. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांचा मोठा सामना व्हायचा, आणि ज्या गावानं लोणं जास्त आणली ते गाव पुढचं वर्षभर बाजारात छाती काढून चालायचं.

आत्या लग्नाआधी, म्हणजे अकराव्या वर्षापर्यंत, हा खेळ पोरांच्या बरोबरीनं खेळली होती. माझे वडील तिचे थोरले भाऊ. ते सांगायचे की तिला शिवणं म्हणजे सरड्याला चिमटीत धरणं. लग्नानंतर अर्थातच खेळणं संपलं, बघणं उरलं. पण बघायचं कुणाच्या बाजूनं? माहेरच्या बाजूला भाऊ आणि पुढं मी, सासरच्या बाजूला दीर आणि पुढं पोटचा मुलगा. दुसरी एखादी बाई अशा वेळी गप्प बसली असती. आत्यानं दोन्ही बाजूंना शिव्या द्यायचं ठरवलं. आम्ही लोण आणलं की ती सासरच्यांवर तुटून पडायची, त्यांनी आणलं की आमच्यावर. कौतुक तिनं जन्मात कुणाचं केलं नाही. ज्याला त्या दिवशी शिव्या पडल्या नाहीत तो चांगला खेळला, असं आम्ही समजायचो. एकदा दोन्ही बाजू सारख्याच ढिल्या खेळत होत्या तेव्हा डोईवरचा पदर सारखा करत ती म्हणाली, “दादाच्या पोरांला पळता येईना, आन् आमच्यांला उभं ऱ्हाता येईना. ह्यापरीस मेंढरं सोडा मैदानात, त्येवढंच पट्ट्याला खत तरी व्हईल.”

सामन्याच्या आठ दिवस आधीपासून तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. सामन्याच्या दिवशी गड्यांना आमरस वाढायचा नाही, पोट जड होतं, असा निरोप ती नदीपल्याडच्या धनगराबरोबर आमच्या आईला पाठवायची, आणि स्वतःच्या घरातही आंब्याची अढी कुलपात ठेवायची. नवस दोन करायची. माहेरासाठी लिंबागणेशच्या गणपतीला आणि सासरसाठी नारायणगडाच्या देवाला. एकाच देवाला दोन्हीकडून साकडं घातलं तर देव तरी काय करील, असं तिचं म्हणणं. जो देव नवसाला पावला नाही त्याच्याशी ती पंधरा दिवस बोलायची नाही, म्हणजे दर उन्हाळ्यात एका देवाशी अबोला ठरलेला. कुस्त्यांचं तिला वावडं होतं. जत्रेत आखाडा बघून आलेल्या मुलाला तिनं विचारलं होतं की दोन म्हशी एकमेकींला अंग घासतात ते आपल्या गोठ्यात दिसत नाही का.

तिची जागा ठरलेली. सासरच्या काठाला, लोण जिथं पुरं होतं त्या शेवटच्या पाटीच्या बरोबर समोर, एका सपाट दगडावर. एके वर्षी तालुक्याचे कुणी अंमलदार दौऱ्यावर होते, ते सामना बघायला आले. त्यांच्या शिपायानं खुर्ची आणून नेमकी आत्याच्या पुढ्यात मांडली. आत्यानं थोडा वेळ कळ काढली. मग एक लोण तिच्या नजरेआड झालं तशी ती उठली आणि म्हणाली, “सायेब, खुर्ची हालवा. पाटी दिसंना.” गावचे पाटील दोन पावलं मागं सरले. अंमलदारांना मराठी बेताचंच कळायचं, पण आवाज कळला असावा. त्यांनी स्वतःच्या हातानं खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि डाव संपेपर्यंत मधून मधून तिच्याकडे भीतीनं बघत राहिले.

मी एकोणीस वर्षांचा होतो त्या वर्षीचा सामना मला अजून झोपेत दिसतो. लोणं बरोबरीला आलेली, ऊन उतरलेलं, शेवटचा डाव; बरोबरीत शेवटचा गडी मेला तर सामना समोरच्यांचा, असा नेम. आमचे सगळे गडी मेले होते, मी एकटा उरलो होतो. जाताना नऊ पाट्या ओलांडल्या, येताना आठ. शेवटच्या पाटीवर माझा आतेभाऊ उभा होता. आम्ही एकाच विहिरीत पोहायला शिकलेले, त्याला माझ्या सगळ्या हुलकावण्या पाठ. मी उजवीकडं झुकल्यासारखं केलं, डावीकडून खाली वाकून निसटलो, आणि निसटता निसटता माझ्या उघड्या पाठीला त्याची बोटं लागली. दोन बोटं. घामानं ती घसरली, पण लागली. मी पाटी ओलांडून गेलो होतो आणि आमच्या गावानं मला खांद्यावर घेतलं होतं. आतेभाऊ ओरडून सांगत होता की शिवलंय. मी खांद्यावरून म्हणालो, नाही शिवलं.

पंच तिसऱ्या गावचे, वयस्क. ते मैदानाच्या त्या टोकाला होते आणि मधे धुरळा. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मला दिसलं नाही. मग जे व्हायचं तेच झालं. दोन्हीकडची माणसं पट्ट्यावर उतरली, कुणी कुणाचं मुंडासं ओढलं, काठ्या घराकडून मागवायच्या की काय इथवर आलं. तेवढ्यात पंचांचं लक्ष दगडाकडं गेलं. ते म्हणाले की ही बाई बरोबर पाटीच्या रेषेत बसलेली आहे, हिचा भाचा एकीकडं आणि मुलगा दुसरीकडं, हिला विचारा. आमच्या लोकांनी लगेच मान्य केलं, कारण ती आमची लेक. पलीकडच्यांनीही लगेच मान्य केलं, कारण ती त्यांची सून.

आत्या उठून उभी राहिली. आधी ती सगळ्यांवरच भडकली. वीस वर्षं हे लोक तिला म्हणत होते की बायामाणसानं इथं बसू नये, घरी जाऊन भाकरी थाप, आणि आज तोंडं बारीक करून तिलाच विचारायला आले होते. ते सगळं तिनं यथास्थित ऐकवलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “शिवलंय. डाव्या अंगाला, पाठीवर. दोन बोटं लागली.”

आमच्या गावातून जो आवाज उठला तो मला सांगवत नाही. लेकाकडं झुकली, माहेराला विकलं, असं जो तो बोलायला लागला. आत्यानं हात वर केला आणि माझ्याकडं बोट दाखवलं. “मला काय इचारता. त्येलाच इचारा. त्येला ठावं हाय.”

सगळे माझ्याकडं वळले. माझ्या पाठीवर ती दोन बोटं अजून जळत होती. मी आत्याच्या डोळ्यांत न बघता सांगितलं की मला कुणी शिवलेलं नाही.

मी आत्याला पहिल्यांदाच गप्प बघितलं. पंचांनी तिच्या शब्दावर माझं लोण बाद केलं आणि आम्ही हरलो. माझे वडील पट्टा ओलांडून तिच्या दगडापाशी गेले आणि एवढंच म्हणाले, “पोरासाठी भावाला खोटं पाडलंस. आता तिकडचीच ऱ्हा. आमची गाडी येणार न्हाई.”

आणि खरंच गाडी गेली नाही. नागपंचमीला वडील दर वर्षी तिला आणायला जायचे, त्या वर्षी गेले नाहीत. दिवाळी आली, भाऊबीजेला वडील नवं धोतर नेसून पाटावर बसले आणि ओवाळायला कुणी नाही म्हणून आईवर, बैलांवर, दिव्यातल्या तेलावर दिवसभर रागावत राहिले. रागावणं हे आमच्या घराण्यातच होतं, पण आत्याच्या रागानं माणसं हसायची, वडिलांच्या रागानं घर मुकं व्हायचं. अशी दोन वर्षं गेली. त्या दोन्ही उन्हाळ्यांत सामना झालाच नाही. दोन्ही गावांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं सोडलं होतं. मी रोज ठरवायचो की आज सांगू, आणि रोज मला वडिलांचा चेहरा दिसायचा. स्वतःवर इतका संताप मला पुढं आयुष्यात कधी आला नाही.

एका बाजाराच्या दिवशी आत्याचे यजमान भेटले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. आत्या सगळ्यांच्या वाटचं बोलायची, त्यामुळं त्यांना बोलायची वेळ क्वचितच आलेली. त्यांनी माझी चौकशी केली, आईची केली, भेंडीचा भाव केला. मग जाता जाता म्हणाले, “पंचमीला ती सकाळपून दारात बसती बघ. गाडी वाजली की उठती. दुसऱ्याचीच असती. मंग त्या गाडीवाल्याला शिव्या देती.” आणि हसल्यासारखं करून ते गर्दीत गेले.

मी घरी आलो. वडील दावं वळत बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं की आतेभाऊ मला शिवला होता, मला कळलं होतं, आत्या खरं बोलली. वडिलांनी दावं खाली ठेवलं, उठले, आणि एकवीस वर्षांच्या मला एक मुस्कटात दिली. मग भर उन्हात गाडी जुंपायला लागले. मी मागं चढलो, त्यांनी उतरवलं नाही.

आत्या अंगणातच होती. गाडी बघून ती आधी बैलांवर रागावली, की हाडं वर आलीत, खायला घालता का नुसती जुंपता. मग गाडी तिच्या कुरडयांच्या खाटेला लागेल म्हणून वडिलांवर. वडील खाली उतरून जू धरूनच उभे होते. मीच पुढं झालो आणि वाकून तिचे पाय धरले. ती मागं सरली.

“तवा कळलं व्हतं तुला? शिवल्यालं?”

“व्हय आत्याबाई.”

मला वाटलं, आता दोन वर्षांचं एकदम सुटणार, आणि सुटावं असंच मला वाटत होतं. पण ती खाटेच्या कडेला टेकली आणि अगदी हळू म्हणाली, “मंग बरं झालं. समदं गाव म्हनायलं न्हाई शिवलं, तू बी म्हनलास न्हाई. मला वाटलं माझे डोळेच गेले.”

वडील तिच्या शेजारी बसले. भावाबहिणींत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी बैलांना पाणी पाजायला गेलो होतो. संध्याकाळी ती आमच्या गाडीत बसून माहेरी आली. आठ दिवस राहिली, आईच्या स्वयंपाकावर, माझ्या चालण्यावर, वडिलांच्या खोकल्यावर मनसोक्त रागावली. आतेभाऊ आणि मी पुन्हा एका विहिरीत पोहलो. गावंही निवळली.

पुढच्या उन्हाळ्यात सामना ठरला. दोन्हीकडची माणसं सकाळपासून पात्रात होती, पाट्या आखल्या, राख ओतली. आत्याचा दगड कुणीतरी पाणी टाकून धुऊन ठेवला होता. ती आली नाही. आम्ही माणूस पाठवला, तिनं सांगितलं की कुरडया वाळत घातल्यात. दुसऱ्यांदा आतेभाऊ स्वतः गेला, त्याला म्हणाली, “तुमी खेळा. मला आता येवढ्या लांबचं नीट दिसत न्हाई.” तिला तेव्हा दारातून नदीपल्याडची आमची गुरं ओळखू यायची, रंगासकट.

ती पुन्हा कधीच डाव बघायला आली नाही. त्या दिवशी मी दोन लोणं आणली. दुसऱ्या लोणाला पाय घसरून मी जवळजवळ पडलो होतो, मेंढरानं सुद्धा लाजावं असा. सावरून उभा राहिलो आणि सवयीनं काठाकडं मान वळवली. काठावरून कुणी काही बोललं नाही.