बिबट्याच्या लेअरचा पत्ता

इंग्रजी शिकवायला लागून मला वीस वर्षं झाली. लेअर (lair) म्हणजे जंगली जनावराची गुहा, हे मी वर्गात इतक्या ठसक्यात सांगायचे की शंका काढायची कुणाची हिंमत झाली नाही. माझीही नाही.

गेल्या हंगामात शेवगावजवळच्या आमच्या उसात तोड चालू असताना बिबट्याची दोन पिल्लं सापडली. पाचटावर एकमेकांना बिलगून निजलेली. तोडणीवाल्या बाईने कोयता बाजूला ठेवला.

"हात नका लावू, मॅडम. एवढा तुकडा उभा ऱ्हाऊ द्या. ती येती न्यायला."

मला पटलं नाही. उसाच्या फडात कुठलं आलंय लेअर? ते वरच्या टेकडीच्या कपारीतच असणार आणि पिल्लं चुकून खाली आली असणार. मी हातमोजे घातले, पिल्लं टोपलीत घेतली आणि स्वतः कपारीत नेऊन ठेवली. शाबासकी द्यायला कुणी नव्हतं, म्हणून ती मीच मला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या सरीत मादीची पावलंच पावलं. त्या पाचटाभोवती ती किती वेळा फिरली होती, देव जाणे. पिल्लं तिला परत मिळाली नाहीत तर ते पाप माझंच होतं.

वनखात्याला फोन केला आणि त्यांची माणसं येईपर्यंत शब्दकोश उघडला. लेअरच्या मुळाशी गुहा नव्हतीच. जुन्या इंग्रजीत तो शब्द आडवं होण्याच्या जागेचा: माणसाचं अंथरूण, आजाऱ्याची खाट, थडगंसुद्धा. जनावरांकडे तो नंतर गेला. म्हणजे अंग टाकून दडपलेलं ते पाचट हेच तिचं लेअर होतं, आणि मी पिल्लं तिथूनच उचलली होती.

पिल्लं कपारीतच होती, भुकेने कळवळत. वनखात्याच्या माणसांनी ती क्रेटमध्ये घालून जिथे सापडली तिथेच ठेवली. त्या दिवशी तो तुकडा कुणी तोडला नाही.

पुढच्या सकाळी क्रेट आडवं पडलेलं, रिकामं. पावलं या वेळी सरळ उसाबाहेर गेली होती. मला रडूच फुटलं. चूक कबूल करायची मला सवय नाही, तरी त्या बाईपुढे हात जोडले.

"चुकले हो मी."

तिने कोयता उचलला. "मला कशाला सांगता, मॅडम? परवा अख्खी रात लेकरं हुडकत हिंडली ती."