रुमालाखालची मांजरविद्या

हळदीचं पोतं कितीही रिकामं करा, उलटं करून झटकलं की मूठभर हळद निघतेच. आमच्या रविवारच्या बैठकीतल्या किस्स्यांचंही तसंच. संपले म्हणावं तर चहा येतो आणि कोणीतरी पोतं झटकतो!

माझं वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळदीचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. पहिला धडा असा, की समोरचा फार गोड बोलू लागला की काटा पुन्हा बघावा. हा धडा घेऊनच मी त्या खेळात उतरलो.

गोष्ट नव्वदीतली. हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता. आमच्या चित्रकलेच्या वाघमारे सरांचा मेहुणा पुण्याला इंजिनिअरिंग शिकायचा. तो एकदा झेरॉक्सचा गठ्ठा विसरून गेला. इंग्रजीत कसलासा खेळ होता. एकाने गोष्ट सांगायची, जंगलाची, किल्ल्याची, राक्षसाची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक गडी व्हायचं आणि आपला गडी काय करतो ते बोलायचं. घाव बसला का चुकला, ते आकडा काढून ठरवायचं. सरांनी मराठी केलं, मोंढा बंद असला की दुकानात पोत्यांवर बसून आम्ही खेळू लागलो. सर, गुरांचे डॉक्टर कादरी, एसटीतला कंडक्टर जाधव आणि मी. गोष्ट सांगणारा मी. थापा मारायचा अनुभव माझाच दांडगा, असं तिघांचं एकमत!

पहिल्याच रविवारी माझ्या राक्षसाने जाधवच्या गड्याची तलवार गिळली. गड्याचं नाव काळू.

"आता काय करतोस?" मी विचारलं.

जाधवने इकडंतिकडं पाहिलं. माझी मांजर पोत्यावर पंजे चाटत बसली होती. "मी मांजरासारखा लढतो."

"नियमात न्हाई."

"मग नियम लिहा!"

झालं. तिथून मांजरविद्या सुरू झाली.

•

नियम लिहायचे तर मांजर बघायला हवी. डॉक्टर आमच्यातले जाणते, म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "शेटजी, मुझे मत पूछो. मी म्हशीवर पास झालो आहे."

मग चौघंजण मांजरीला बघत बसलो. तिचं नाव मुनीम, कारण ती सगळ्यांवर नजर ठेवायची. त्या दिवशी मुनीम दोन तास बिळासमोर बसली. उंदीर बाहेर आला तर तिने चक्क जांभई दिली! उंदीर आरामात निघून गेला.

"म्हातारी झाली," सर म्हणाले.

"न्हाई सर," जाधव म्हणाला. "भरवसा देऊन राहिली त्याला."

दुसऱ्या दिवशी दारात शेपूट तेवढं सापडलं.

तेव्हापासून मी जाधवच्या जांभईवरही लक्ष ठेवू लागलो.

•

असे चार पेच लिहून झाले. पंजा, झेप, दबा, सटकणं. पाचवा डॉक्टरांमुळे मिळाला.

मुनीम एकदा त्यांच्यासमोर उताणी पडली, चारी पाय वर. डॉक्टरांना भरून आलं. "देखो, शरण आली बिचारी!" म्हणत त्यांनी पोटावर हात ठेवला. चारी पंजे एकदम मिटले! हात सोडवायला आम्ही तिघं लागलो.

पट्टी बांधताना डॉक्टर कण्हत म्हणाले, "लिखो. पाचवा पेच, पोट दाखवणं."

पण जाधवने तो पेच कधी वापरलाच नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "शेटजी, पोट रोज दाखवलं तर त्याला कोण भुलंल?"

•

आता जाधवने कोणता पेच टाकला, हे बाकीच्यांना कळू न देता त्याने मला सांगायचं कसं? त्याचा तोडगा मोंढ्याने दिला. आमच्याकडे भाव रुमालाखाली ठरायचा. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, भोवतालच्यांना फक्त रुमाल हललेला दिसायचा. तसंच आम्ही करू लागलो. एक बोट म्हणजे पंजा, दोन म्हणजे झेप, पाचही बोटं म्हणजे पोट.

सरांना पहिल्या दिवसापासून संशय. "तुम्ही दोघं आत काहीतरी मिटवून घेता!" एकदा न राहवून त्यांनी स्वतःचाच हात रुमालात घातला. आणि ओरडले, "अहो, इथं चार हात आहेत!"

चौथा हात डॉक्टरांचा.

"मैं तो सिर्फ चेक कर रहा था," डॉक्टर म्हणाले.

•

राहिला आकड्याचा प्रश्न. त्या खेळाचे वीस बाजूंचे फासे वसमतला कुठून मिळणार? जाधव बसमध्ये पडलेली जुनी तिकिटं गोळा करून आणायचा. थैलीत हात घालून एक काढायचं, तिकिटावरच्या नंबरातला शेवटचा आकडा तो आपला आकडा. पाचाच्या वर असला तर घाव बसला. शून्य आला तर गडी मेला.

जाधवला सारखे आठ-नऊ यायचे. मला राहवेना. तिकिटं त्याची, थैली त्याची, नशीबही त्याचंच! मी घरून नवी थैली शिवून आणली आणि तिकिटं स्वतः कालवली. जाधवने डोळे मिटून हात घातला.

नऊ!

"काहून शेटजी," तो हळूच म्हणाला, "थैली बराबर शिवली नव्हती का?"

•

संशय काही आम्हालाच नव्हता. बंद दुकानातून दर रविवारी आरोळ्या, "आकडा काय आला? आकडा काय आला?" सगळ्या मोंढ्यात बोभाटा झाला, की शेटजी मटका चालवून राहिले!

घरी बायकोने धरलं. "खरं सांगा, काय करता तिथं?"

"राक्षसाशी लढतो."

तिने मला खालून वर न्याहाळलं. "मटकाच म्हणा. तो तरी पटंल."

•

आणि मग तो रविवार. दार वाजलं. उघडलं तर एसटीच्या तपासणीवरचे साहेब. कोणीतरी चुगली केली होती.

त्यांनी थैली पोत्यावर उपडी केली. वापरलेल्या तिकिटांचा ढीग! कंडक्टरजवळ वापरलेली तिकिटं सापडणं म्हणजे काय, हे आमच्या हमालांनाही ठाऊक. तीच तिकिटं दुसऱ्या प्रवाशांना विकतो, हा आरोप. जाधवची नोकरी गेल्यात जमा होती, आणि घरी खाणारी सात तोंडं.

"साहेब, आमी खेळतो ह्याच्यावर," जाधव म्हणाला.

"सगळे असंच सांगतात. खेळता ना? मग खेळा माझ्यासमोर. थैलीत हात मी घालणार."

मी घसा खाकरून सुरुवात केली. कडा, कड्यावर राक्षस, समोर काळू. जाधवने रुमाल टाकला.

"हे काय?"

"पेच सांगतो साहेब, गुपचूप."

"गुपचूप काहून?"

"मांजर बोलून मारत न्हाई."

रुमालाखाली त्याने माझी दोन बोटं दाबली. झेप. साहेबांनी ढिगातली मूठभर तिकिटं थैलीत परत टाकली, हात घालून एक काढलं, चष्मा सरसावला.

"शून्य."

सरांनी वाकून तिकीट पुन्हा वाचलं.

"म्हणजे काय?"

"काळू मेला," सर बारीक आवाजात म्हणाले.

जाधवने आधी साहेबांकडे पाहिलं, मग बाहीत तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडायला लागला.

"अहो... अहो, खोटा गडी आहे ना तो?" साहेब गडबडले.

"सहा वर्षं सांभाळला, साहेब," जाधव बाहीतूनच म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग एकेक तिकीट उचलून स्वतःच थैलीत भरू लागले. "आजपासून प्रत्येक तिकीट मधून फाडायचं. आकडा राहील एवढंच ठेवायचं. फाटकं तिकीट कोणी विकत घेत नाही. मी अहवालात लिहितो तसं. काही आढळलं नाही."

जाधवचं रडणं थांबेना. साहेब माझ्याकडे वाकले. "शेटजी, पुन्हा एक आकडा काढला तर?"

"नियमात न्हाई, साहेब."

"मग नियम लिहा!"

डॉक्टर पेन शोधायला धावले. जाधवचं तोंड बाहीतच होतं, खांदे हलत होते. त्याचा दुसरा हात मात्र अजून रुमालाखाली माझ्या हातात होता.

त्याने माझा हात दाबला.

पाच बोटं.