मुट्टुकाडूच्या पुढे, अण्णांबरोबर

सोलापूर स्टेशनवर मला सोडायला आलेले अण्णा गाडी सुटेपर्यंत एकच सांगत होते, "तिकडची भाषा आधी नुसती ऐक. बोलायची घाई करू नको." आई खिडकीतून शेंगाचटणीची पुडी आत सरकवत होती. गाडी हलली तेव्हा अण्णांनी हात केला नाही, नुसते उभे राहिले.

ताई, तू त्याआधीच टोरांटोला गेली होतीस. आता आई नाही. मी इथे पेरुंगुडीत सहाव्या मजल्यावर राहते, भाजीवालीशी तमिळमध्ये घासाघीस करते, पाहुण्यांपुढे फिल्टर कॉफी ठेवते. दर फोनला अण्णांना म्हणायचे, "इकडेच या राहायला." ते म्हणायचे, "तिथं मला कोण ओळखतं?"

मागच्या महिन्यात ते आले, तेही परतीचं तिकीट काढूनच. दिवसभर बाल्कनीत बसून असायचे. मी त्यांना 'अण्णा' म्हणते हे ऐकून वॉचमनने आपल्या वडिलांना माझा थोरला भाऊ ठरवलं, कारण तमिळमध्ये तोच अर्थ. तेवढं एकदाच ते हसले.

शनिवारी संध्याकाळी सुधा गाडी घेऊन आली. ती माझ्या ऑफिसातली, तंजावरच्या मराठी घरातली. तिच्या मराठीला जुना वास आणि तमिळ हेल. "काका, समुद्रावर पाट्टु आहे, गाणंबजावणं. ऐकायला यावें," ती म्हणाली. अशा निमंत्रणाला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

ऑफिसांच्या काचा मागे पडल्या. ईस्ट कोस्ट रोडला लागल्यावर खिडकीतून खारं वारं आत आलं. मुट्टुकाडूच्या पुलावर सुधाने गाडी हळू केली. खाली खाडीचं पाणी गुलाबी झालं होतं आणि त्यावर एकच होडी होती. मला वाटलं, रस्ता असाच चालत राहावा.

समुद्राकाठच्या एका हिरवळीवर कार्यक्रम होता. निला नावाची एक मुलगी तीन-चार सिंथेसायझर मांडून एकटीच उभी होती. ह्या संगीताला सिंथवेव्ह म्हणतात, ऐंशीच्या दशकातले यंत्रांचे सूर आजच्या मुलांनी पुन्हा जागवलेले. मागे जांभळे दिवे, त्यामागे काळा होत चाललेला समुद्र. सूर लाटांसारखे अंगावर येत आणि विरघळून जात.

ताई, तुला माहीत आहे, लग्नाआधी अण्णा ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचे. ऑर्केस्ट्रा मोडला, वाद्य विकलं गेलं आणि घरात तो विषयच संपला. मी त्यांच्याकडे पाहिलं तर डोळे मिटलेले, बोटं गुडघ्यावर हलत होती.

"हा आवाज माझ्याकडं होता की," ते म्हणाले.

निला पाणी प्यायला थांबली तसे ते उठले आणि सरळ तिच्याकडे गेले. त्यांना तमिळ येत नाही, तिला मराठी. त्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे. ती क्षणभर बघत राहिली आणि बाजूला सरकली.

त्यांचा हात पहिल्यांदा चुकला. मग त्यांनी एक संथ धून धरली, नवरी मंडपात येताना वाजवतात तशी. निलाने तिच्याखाली हलकेच ठेका सोडला. हिरवळीवरची बोलणी थांबली. जांभळ्या उजेडात उभा असलेला तो माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. तो आपल्या दोघींच्या जन्माआधीचा होता. सुधाने माझा हात धरून ठेवला.

परतताना ते मागच्या सीटवर गुणगुणत होते. "अण्णा, राहाल ना आता?" मी विचारलं.

"नाही. सोलापुरात जाऊन असली एक पेटी बघतो, जुनी मिळाली तर. तिथं पोरं आहेत, शिकवीन."

मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही.

तेवढ्यात सोलापूरहून शेजारच्या म्हेत्रेकाकांचा अण्णांना फोन आला. कुठे आहात, असं त्यांनी विचारलं असावं. बाहेर पेरुंगुडीचे दिवे दिसायला लागले होते.

"हा काय," अण्णा म्हणाले, "घरीच निघालोय."

दोन दिवसांनी सोलापुरातून त्यांचा मला फोन आला. "पोचलो गं घरी," ते म्हणाले. मी बाल्कनीत उभी होते. त्या रात्री पेरुंगुडीलाही ते घरच म्हणाले होते, तरी कुठल्या घरी, असं मनातसुद्धा आलं नाही.