पंख्याखालची खुर्ची

हिंगणघाटला आमच्या विहाराच्या माडीवर अभ्यासिका आहे. तिथे जागा धरायची रीत एसटीतलीच: सकाळी येऊन खुर्चीवर रुमाल टाकायचा आणि खुशाल घरी जेवायला जायचं. गावातल्या पोरांचं त्यात फावायचं. अल्लीपूरहून बसने येणारी एक मुलगी मात्र स्पर्धा परीक्षेचा अभ्यास जिन्यात बसून करायची. ते बघून माझं डोकं फिरायचं. वेबसाइट बनवणं हा माझा धंदाच, म्हणून घरूनच खुर्ची राखता येईल असं ॲप मी करायला घेतलं. विहाराचे अध्यक्ष काका म्हणाले, "रविवारी दाखवजो. नाई चाललं त रुमालच बरा."

शनिवार उजाडला तरी लॅपटॉपवर राखलेली खुर्ची लाल व्हायचं नाव घेईना. हिरवीच, म्हणजे रिकामीच दिसायची. अभ्यासिकेतच बसून मी नाना परींनी कोड बदलून पाहिला. खुर्ची ढिम्म. शेवटी संतापून कोडच्या मधोमध एक सणसणीत शिवी लिहिली. त्यानं पान कोलमडायलाच हवं होतं, पण ते आपलं मजेत चालू. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी बघत होते ते पान आत्ताचं नव्हतंच. इथलं नेट रडतं म्हणून मीच सुरुवातीला कॅशिंग चालू केलं होतं. सर्व्हर एकदा बनवलेलं पान जपून ठेवायचा आणि सकाळची भाजी संध्याकाळी वाढावी तसं तेच पुढे करायचा.

सेटिंगमध्ये जाऊन मी कॅशिंग बंद केलं. अख्खा स्क्रीन चुकांच्या लाल अक्षरांनी भरला आणि मी उठून चक्क नाचले. इतका आनंद मला चालणाऱ्या पानाचाही कधी झाला नव्हता.

तेवढ्यात काका जिना चढून आले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हे त बिघडलं वाटते. मंग तू नाचून काऊन राह्यली?"

"काका, आता ते माह्यं ऐकून राह्यलं."

शिवी पुसून पान पुन्हा उघडलं, खुर्ची राखली. लाल झाली. माझा कोड बरोबरच होता, फक्त दिसत नव्हता. रविवारी काकांनी स्वतः खुर्च्या राखून, सोडून पाहिल्या आणि म्हणाले, "चालते." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे मेडलच.

सोमवारी त्या मुलीने घरूनच पंख्याखालची खुर्ची राखली. बस नेहमीसारखी उशिरा आली. मी खिडकीतून बघत होते. ती सगळ्यांच्या मागून उतरली आणि शेंगदाणे खात, निवांत चालत आली.