वाणाची शिट्टी
संक्रांतीच्या वाणासाठी खारघरच्या होलसेल दुकानात गेले आणि चाळण्या-गाळण्यांच्या ढिगाशेजारी लाल प्लॅस्टिकच्या शिट्ट्या दिसल्या, तसा अंगावर काटाच आला. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला हेच वाण लुटलं होतं. घरात कुणी हात उगारला की शिट्टी फुंकायची आणि ऐकेल तिने हातातलं काम टाकून धावायचं, असं आमचं ठरलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी ती पदराला बांधत हसून म्हटलं होतं, "मला म्हातारीला कशाला गं ही?" पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, कुकरच्या शिट्ट्यांमधून एक वेगळीच, थरथरती शिट्टी ऐकू आली, आजींच्याच घरातून. कुणी पिठाच्या हातांनी, कुणी अनवाणी, अशा आम्ही जिना चढलो. दार आजोबांनी उघडलं. निवृत्त मास्तर, आख्खी सोसायटी त्यांच्या पाया पडायची. त्यांना बाजूला सारून आम्ही थेट सुनेला गाठलं, "मारलं का गं त्याने? कुठाय तो?" ती रडत म्हणाली, "हे तर ऑफिसला गेलेत," आणि तिने स्वयंपाकघराकडे बोट केलं. ओट्याला टेकून आजी खाली बसल्या होत्या, ओठ फुटलेला, शिट्टी अजून दातांत. मी विचारलं, "आजी, कधीपासून?" त्यांनी शिट्टी काढून पदराला पुसली. "लगीन झाल्यापासनं. आधी ओरडायचे मी, पण कुणी येत नव्हतं." "ताई, शिट्ट्यांचं पाकीट देऊ का?" दुकानदार विचारत होता, "मुलं केवढी आहेत?"